संगणकीय वित्तशास्त्र : पदव्युत्तर पदवीची वाट आणि तिची किंमत

विशेष प्रतिनिधी

परदेशी उच्चशिक्षणासाठी मुंबई-पुण्यातून निघणाऱ्या विद्यार्थ्यांत अलीकडे एक छोटा गट वेगळ्या वाटेने जाताना दिसतो. अभियांत्रिकी, संख्याशास्त्र किंवा गणिताची पदवी घेतलेले हे विद्यार्थी ना एमबीएकडे वळतात, ना निव्वळ संगणकशास्त्राकडे. त्यांना हवी असते ती ‘कम्प्युटेशनल फायनान्स’ म्हणजेच संगणकीय वित्तशास्त्रातील पदव्युत्तर पदवी. विद्यापीठागणिक तिचे नाव बदलते. कोठे ती ‘फायनान्शियल इंजिनीअरिंग’ असते, कोठे ‘मॅथेमॅटिकल फायनान्स’, तर कोठे ‘क्वांटिटेटिव्ह फायनान्स’. नावे निरनिराळी असली तरी गाभा बव्हंशी एकच आहे : वित्तीय करारांची किंमत आणि त्यांतील जोखीम गणिताने मांडणे व संगणकाकडून ती वेळेत काढून घेणे. हे काम करणाऱ्यांना उद्योगात ‘क्वांट’ म्हटले जाते.

घरोघरी मात्र या पदवीविषयी ‘शेअर बाजाराचा मोठा कोर्स’ एवढाच समज असतो. कोणता शेअर वाढेल हे शिकवणारा हा अभ्यासक्रम नव्हे. या समजावर विसंबून राहते घर तारण ठेवून कर्ज काढणारी कुटुंबे पाहता, या पदवीत नेमके काय शिकवले जाते हे आधी समजून घेतलेले बरे.

अर्ध्या शेअरचा हिशेब

एक छोटे उदाहरण घेऊ. समजा, एका कंपनीचा शेअर आज १०० रुपयांना आहे आणि वर्षअखेर त्याचा भाव १२० तरी होईल किंवा ९० तरी. तिसरी शक्यता नाही. हा शेअर वर्षअखेर १०५ रुपयांना विकत घेण्याचा हक्क, म्हणजेच ‘कॉल ऑप्शन’, आज कितीला विकावा? सोयीसाठी व्याजदर शून्य धरू. भाव १२० झाला तर या हक्काचे मोल १५ रुपये. ९० झाला तर शून्य. आता हक्क विकणाऱ्याने ४५ रुपये उसने घेतले, त्यांत ५ रुपयांची भर घातली आणि ५० रुपयांना अर्धा शेअर विकत घेतला. भाव १२० झाला तर अर्ध्या शेअरचे ६० रुपये येतात. उसने ४५ फेडून १५ उरतात. भाव ९० झाला तर ४५ येतात. उसने फेडले की शून्य उरते. दोन्ही प्रसंगी हक्क घेणाऱ्याला द्यायची रक्कम बरोबर हाताशी असते. म्हणजे या हक्काची वाजवी किंमत ५ रुपये. जास्त नाही, कमीही नाही.

या हिशेबात शेअर वाढण्याची शक्यता किती, हा प्रश्न कोठेही आला नाही, ही यातील खरी गंमत. ती ९० टक्के असो वा १० टक्के, उत्तर ५ रुपयेच राहते. भाकित न करता किंमत ठरवणे हा या शास्त्राचा पाया आहे. ज्याला हा युक्तिवाद वाचून कागद-पेन्सिल घ्यावीशी वाटली, त्याच्यासाठी ही पदवी आहे. ज्याला वाटले, ‘पण मग शेअर वाढणार की नाही?’, त्याने आपला निर्णय पुन्हा तपासावा.

प्रत्यक्षात भाव क्षणोक्षणी बदलतो. त्यामुळे दोन फांद्यांच्या या झाडाला हजारो टप्पे द्यावे लागतात आणि टप्पे अनंत केले की ‘स्टोकॅस्टिक कॅल्क्युलस’ हे यादृच्छिक चलनाचे कलनशास्त्र सुरू होते. अनेक करारांना तर सुटसुटीत सूत्रच नसते. पाच समभागांपैकी सर्वांत मागे पडलेल्या समभागावर अवलंबून असलेल्या करारासारख्यांची किंमत बहुधा संगणकावर लाखो काल्पनिक भविष्ये रचून त्यांची सरासरी काढून मिळवतात. या पद्धतीला ‘माँटे कार्लो’ म्हणतात. तिची एक खोड आहे. उत्तरात दशांश चिन्हानंतरचा आणखी एक आकडा अचूक हवा असेल, तर भविष्यांची संख्या शंभरपट करावी लागते. बँकेतील व्यवहार-कक्षाला उत्तर काही सेकंदांत हवे असते. गणित आणि संगणक यांची गाठ पडते ती येथे, आणि पदवीच्या नावात ‘कम्प्युटेशनल’ हा शब्द येतो तोही त्यामुळेच.

पॅरिस ते पिट्सबर्ग

या विषयाची सुरुवात लुई बाशेलिए यांच्या प्रबंधापासून मानली जाते. सट्ट्याच्या सिद्धांतावरील हा प्रबंध त्यांनी १९०० मध्ये पॅरिस येथे सादर केला होता. पुढे अनेक दशके तो जवळजवळ विस्मृतीत होता. १९७३ मध्ये फिशर ब्लॅक व मायरन शोल्स यांचे ऑप्शनच्या किमतीचे सूत्र प्रसिद्ध झाले. रॉबर्ट मर्टन यांनी त्याच वर्षी त्याला व्यापक गणिती बैठक दिली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये शिकागो येथे ऑप्शनची संघटित बाजारपेठ उघडली. सूत्र आणि बाजार यांची अशी वेळ जुळून आल्याने वॉल स्ट्रीटवर गणितज्ञ व भौतिकशास्त्रज्ञ यांना मागणी आली. इमॅन्युएल डर्मन हे भौतिकशास्त्रज्ञ १९८५ मध्ये गोल्डमन सॅक्स या बँकेत गेले व पुढे कोलंबिया विद्यापीठात हाच विषय शिकवू लागले. त्या पिढीचा प्रवास साधारण असाच झाला.

या मंडळींनी वित्तव्यवहार नोकरीत शिकून घेतला. तो वर्गात शिकवावा, या विचारातून अमेरिकेतील पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने १९९४ मध्ये ‘मास्टर ऑफ सायन्स इन कम्प्युटेशनल फायनान्स’ हा अभ्यासक्रम सुरू केला. या प्रकारच्या आद्य पदव्यांत त्याची गणना होते. (योगायोग असा की, मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराने पडद्यावरील समभाग-व्यवहार सुरू केले तेही १९९४ मध्येच.) शिकागो, बर्कले, न्यूयॉर्कमधील कोलंबिया, न्यूयॉर्क विद्यापीठाची कूरांट संस्था व बरूक महाविद्यालय, प्रिन्स्टन, अटलांटाचे जॉर्जिया टेक अशी ही यादी पुढे वाढत गेली.

कार्नेगी मेलनची रचना मुद्दाम पाहण्याजोगी आहे. हा अभ्यासक्रम एका विभागाच्या मालकीचा नाही. गणित विभाग, संख्याशास्त्र विभाग, टेपर व्यवस्थापन विद्यालय आणि माहिती व लोकधोरण शिकवणारे हाइन्झ महाविद्यालय, अशी चार घरे तो मिळून चालवतात. पूर्णवेळ अभ्यासक्रम साधारण सोळा महिन्यांचा, मध्ये एका उन्हाळ्याची उमेदवारी. स्टीव्हन श्रीव्ह यांची स्टोकॅस्टिक कॅल्क्युलसवरील २००४ ची दोन खंडांची पाठ्यपुस्तके याच वर्गातील अध्यापनातून तयार झाली असून आज जगभर वापरली जातात.

इतर विद्यापीठांची निवड करतानाही ‘पदवी कोणत्या विभागाची?’ हाच पहिला प्रश्न विचारावा. गणित विभागाच्या पदवीत प्रमेये अधिक असतात, औद्योगिक अभियांत्रिकीच्या पदवीत इष्टतमीकरण अधिक, तर व्यवस्थापन विद्यालयाच्या पदवीत ताळेबंद आणि बाजारज्ञान अधिक असते. इष्टतमीकरणाच्या वर्गात मराठी विद्यार्थ्याला एक ओळखीचे नाव भेटण्याचा संभव आहे : आयआयटी मुंबईचे पदवीधर नरेंद्र करमरकर. त्यांनी १९८४ मध्ये बेल लॅबमध्ये असताना मांडलेल्या पद्धतीमुळे ज्या आंतरबिंदू पद्धतींना चालना मिळाली, त्या आज गुंतवणूक-संचाची विभागणी ठरवण्यासाठी सर्रास वापरल्या जातात.

केवळ प्रसिद्ध नावामागे धावण्यात अर्थ नाही, हे बरूकच्या उदाहरणावरून दिसते. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाचे हे महाविद्यालय आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. पण तेथील फायनान्शियल इंजिनीअरिंगची तुकडी लहान, शुल्क खासगी विद्यापीठांहून बरेच कमी आणि उद्योगातील मान मात्र वरच्या श्रेणीचा. साहजिकच प्रवेश मिळणे अवघड.

यश आणि अपघात

हे शास्त्र निर्दोष नाही, आणि चांगल्या अभ्यासक्रमांत ते लपवलेही जात नाही. शोल्स व मर्टन यांना १९९७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ज्या ‘लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट’ या निधीत दोघे भागीदार होते, तो पुढच्याच वर्षी कोसळला आणि त्याला सावरण्यासाठी १४ वित्तसंस्थांना सुमारे ३६० कोटी डॉलर घालावे लागले. १ ऑगस्ट २०१२ रोजी ‘नाइट कॅपिटल’ या अमेरिकी दलाली संस्थेने नवी आज्ञावली आठपैकी एका सर्व्हरवर चढवलीच नाही. त्या सर्व्हरवरची जुनी आज्ञावली जागी झाली आणि सुमारे पाऊण तासात संस्थेचे ४४ कोटी डॉलरच्या आसपास नुकसान झाले. तेथे चुकले ते गणित नव्हते. चुकली ती साधी संगणकीय शिस्त.

२००८ च्या आर्थिक संकटानंतर या पेशाचे स्वरूपच पालटले. तोवर नवनवे गुंतागुंतीचे करार रचणे हे क्वांटचे मानाचे काम होते. पुढे ते प्रतिरूपे तपासण्याचे, म्हणजे ‘मॉडेल व्हॅलिडेशन’चे झाले. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने २०११ मध्ये बँकांसाठी प्रतिरूप-जोखमीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार, प्रतिरूप बनवणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी ते स्वतंत्रपणे तपासले पाहिजे. यातून निर्माण झालेल्या नोकऱ्यांपैकी बऱ्याच मुंबईत आल्या. लेहमन ब्रदर्स बुडाल्यावर तिचे पवईतील कार्यालय नोमुरा या जपानी बँकेने २००८ मध्येच घेतले होते. आज पवई, गोरेगाव आणि पुण्यातील परदेशी बँकांच्या केंद्रांत जोखीम-गणना आणि प्रतिरूप-तपासणी करणारे मोठे गट आहेत. काम लंडन-न्यूयॉर्कइतके झगमगीत नाही, पण विद्या तीच लागते.

आपल्या बाजारातही ही विद्या शिरली आहे. भारतात निर्देशांकावरील फ्युचर्स जून २००० मध्ये आणि ऑप्शन जून २००१ मध्ये सुरू झाले. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के तोट्यात होते आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होता. २०२३-२४ मध्ये परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी या व्यवहारांत जो नफा कमावला, त्यातील ९७ टक्के, आणि स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या संस्थांच्या नफ्यातील ९६ टक्के नफा संगणकीय अल्गोरिदम वापरणाऱ्यांकडे गेला. संगणकीय वित्तशास्त्राचा पदवीधर या समीकरणाच्या कोणत्या बाजूला बसतो, हे वेगळे सांगायला नको. मोबाइलवर ऑप्शन खेळून या विषयाची ‘आवड’ निर्माण झालेल्या विद्यार्थ्याने हे आकडे आधी वाचावेत.

ऐंशी लाखांचा प्रश्न

अमेरिकेतील नामांकित खासगी विद्यापीठांत शिक्षणशुल्क आणि राहण्याचा खर्च मिळून एक लाख डॉलरचा आकडा सहज ओलांडला जातो. आजच्या विनिमय दराने ही रक्कम ८५ लाख रुपयांहून अधिक होते. या व्यावसायिक पदव्यांना संशोधन-पदव्यांसारखी विद्यावेतने फारशी मिळत नाहीत. त्यामुळे भिस्त कर्जावर. ६० लाखांचे कर्ज ११ टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ८२,६५० रुपये येतो. शिक्षण चालू असताना चढणारे व्याज त्यात धरलेले नाही. हा हप्ता डॉलरमधील पगारातून फेडणे वेगळे आणि मुंबईतील पगारातून फेडणे वेगळे. म्हणूनच ‘परत यावे लागले तर?’ या प्रश्नाचे उत्तर कुटुंबाने कर्जाच्या कागदांवर सही करण्यापूर्वीच शोधायला हवे. शिक्षणकर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत आयकरात वजावट मिळते; पण जुनी करप्रणाली निवडली असेल तरच.

परत येण्याचा प्रसंग काल्पनिक नाही. अमेरिकेत शिक्षण संपल्यावर बारा महिने काम करण्याची मुभा असते. पदवी विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणित या वर्गात मोडत असेल, तर आणखी चोवीस महिने मिळू शकतात. तेव्हा अर्ज करतानाच संबंधित पदवीची या वर्गातील नोंद तपासून घ्यावी. त्यापुढे एच-१बी व्हिसा आणि त्यातील निवडीची अनिश्चितता. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी अध्यक्षांनी नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेतच असलेल्या आणि तेथूनच व्हिसाचा प्रकार बदलणाऱ्यांना ते लागू नाही, असा खुलासा ऑक्टोबरमध्ये करण्यात आला. तीन वर्षांचे गणित मांडून निघालेल्या विद्यार्थ्याला मध्येच नियम बदलण्याचा धोका असतो, एवढे यावरून ध्यानात यावे.

तुलनेने स्वस्त पर्यायही आहेत. ज्युरिक विद्यापीठ व ईटीएच ज्युरिक यांच्या संयुक्त क्वांटिटेटिव्ह फायनान्स पदवीचे शुल्क अमेरिकेच्या मानाने अगदीच थोडे आहे. राहण्याचा खर्च मात्र चढा. ऑक्सफर्डची मॅथेमॅटिकल अँड कम्प्युटेशनल फायनान्सची पदवी दहा महिन्यांची आहे, तर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये कम्प्युटेशनल फायनान्स संगणकशास्त्र विभागात शिकवले जाते. ब्रिटनमध्ये शिक्षणोत्तर कामाची मुदत दोन वर्षांची असली तरी १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तर पदवीधरांना ती दीड वर्षच मिळेल. ‘वर्ल्डक्वांट युनिव्हर्सिटी’ची फायनान्शियल इंजिनीअरिंगमधील दोन वर्षांची ऑनलाइन पदवी विनाशुल्क आहे, नोकरी सांभाळून आपली कुवत आजमावण्यास ती उपयोगी पडते.

आर्थिक साहाय्यात मुंबईच्या जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती १८९२ पासून चालू आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्यासाठी विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठराविक स्थानाच्या आत असावे लागते, म्हणून अर्जाआधी त्या वर्षीची जाहिरात नीट वाचावी.

ऑगस्टपूर्वीची तयारी

या पदवीचे एक वैशिष्ट्य आपल्याकडील मार्गदर्शन वर्गांत क्वचितच सांगितले जाते. सोळा महिन्यांच्या अभ्यासक्रमात उन्हाळी उमेदवारीसाठीच्या मुलाखती पहिल्याच सत्रात सुरू होतात. ऑगस्टमध्ये पोहोचलेल्या विद्यार्थ्याची सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये संभाव्यतेच्या कोड्यांपासून सी प्लस प्लसमधील स्मृती-व्यवस्थापनापर्यंत परीक्षा घेतली जाते. त्या उमेदवारीतूनच बहुतेकांना पुढे कायमची नोकरी मिळते. म्हणजे ‘तेथे जाऊन शिकू’ म्हणणाऱ्याची संधी शिकण्याआधीच निघून जाते. मुंबई किंवा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्राच्या पदवीधराला संभाव्यता येते पण आज्ञावली लिहिण्याचा सराव नसतो. संगणक अभियंत्याचे नेमके उलटे असते. वाणिज्य पदवीधराला दोन्हीकडून मोठी मजल मारावी लागते. अशक्य नाही, पण त्यासाठी दोन वर्षे हाताशी हवीत.

बहुचल कलन, रेषीय बीजगणित, विकल समीकरणे, कलनावर आधारित संभाव्यता आणि पायथन व सी प्लस प्लस या भाषा, इतकी शिदोरी निघण्यापूर्वी बांधावी. जॉन हल यांच्या डेरिव्हेटिव्ह्जवरील पाठ्यपुस्तकाची भारतीय आवृत्ती मिळते. एमआयटीने वित्तशास्त्रातील गणितावरील व्याख्याने विनामूल्य खुली केली आहेत. वरच्या उदाहरणातील दोन फांद्यांचे झाड हजार टप्प्यांचे करून त्याची आज्ञावली स्वतः लिहावी आणि उत्तर ब्लॅक-शोल्स सूत्राशी ताडून पाहावे. हे काम कोणाच्या मदतीविना आणि कंटाळा न येता झाले, तर ती कोणत्याही मार्गदर्शन वर्गापेक्षा भरवशाची अभियोग्यता चाचणी ठरेल.

अर्जासाठी बहुतेक ठिकाणी जीआरई लागते; गणिती विभागात १७० पैकी १७० च्या जवळपास गुण असणाऱ्यांची गर्दी असल्याने केवळ त्यावर प्रवेश मिळत नाही. तीन वर्षांच्या बीएस्सीनंतर थेट अर्ज करणाऱ्यांनी ती पदवी संबंधित विद्यापीठाला चालते का, हे आधी लेखी विचारून घ्यावे. काही ठिकाणी सोळा वर्षांच्या शिक्षणाचा आग्रह असतो.

विद्यापीठांचे नोकरीविषयक अहवाल वाचताना सरासरी पगाराऐवजी मध्यक पाहावा. टक्केवारी किती विद्यार्थ्यांच्या माहितीवर आधारलेली आहे आणि ती पदवीनंतर किती महिन्यांनी मोजली, हे तळटिपेत असते. अमेरिकी नागरिक व परदेशी विद्यार्थी यांचे आकडे वेगळे दिले नसतील तर प्रवेश कार्यालयाला ई-मेल करून ते मागावेत. अनेक विद्यापीठांत अर्जाच्या फेऱ्या शरद ऋतूत उघडतात आणि पहिल्या मुदती नोव्हेंबर ते जानेवारीदरम्यान संपतात. शिफारसपत्रे देणाऱ्या प्राध्यापकांना आपल्याकडे दिवाळीच्या सुट्या लागण्यापूर्वीच भेटून ठेवावे.